हॉर्मोन चालत नाहीत म्हणालात, मग पुढं काय ते पण सांगा: कोल्हापुरातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातले सगळे स्त्रीरोगतज्ज्ञ, कॅन्सरचे डॉक्टर आणि महिला आरोग्य शिबिरं भरवणारी मंडळी

डॉक्टर मॅडम, डॉक्टर साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या भागात चाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी शिबिर झालं. मांडव, खुर्च्या, चहा-बिस्किटं, सगळं व्यवस्थित होतं, त्याबद्दल तक्रार नाही. बीपी बघितलं, शुगर बघितली, टाच ठेवून हाडं तपासायचं मशीन आणलं होतं ते पण झालं. शेवटी प्रश्न विचारायला माइक फिरवला तर मागच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं की माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली, अजून अंगातून वाफा येतात, रात्री घामानं गाऊन बदलावा लागतो, हॉर्मोनच्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत म्हणून सांगितलंय, मग मी करू काय? स्टेजवरनं उत्तर आलं, "काकू, हे वयाचं आहे, सगळ्यांनाच होतं, थोडं सहन करायचं, योगा करा, मन रमवा." चार बायका हसल्या, काकू खाली बसल्या, माइक पुढं गेला. आणि बाहेर पडताना प्रत्येकीच्या हातात एका पावडरीच्या डब्याचं पत्रक, मेनोपॉजवर, म्हणजे पाळी जाण्याच्या त्रासावर, शंभर टक्के नैसर्गिक उपाय, फक्त आजच्या दिवस डिस्काउंट.

ते उत्तर चुकीचं होतं आणि ते पत्रक त्याहून चुकीचं होतं, म्हणून हे लिहिते आहे. कुणा एकाचं नाव घेणार नाही, कारण हेच उत्तर मी आणि माझ्या ओळखीच्या बायकांनी वेगवेगळ्या दवाखान्यात ऐकलंय.

मी कोण ते सांगते. राजारामपुरीत माझी आणि माझ्या जावेची मिळून छोटी खानावळ आहे, रोज दुपारी थाळी, बुधवार-रविवार तांबडा-पांढरा. मला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ऑपरेशन झालं, केमो झाला, आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमोक्सिफेनची गोळी रोज चालू आहे. केमोत पाळी गेली ती गेलीच, आणि मग वाफा सुरू झाल्या. ज्यांना हे झालं नाही त्यांच्यासाठी (आणि स्टेजवरच्यांसाठी) सांगते, छातीतून काहीतरी गरम वर चढायला लागतं, मान, कान, तोंड तापतं, धडधडतं, मग घाम फुटतो तो असा की ब्लाउज पाठीला चिकटतो, आणि हे ओसरलं की लगेच हुडहुडी भरते. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध घातलं की हलवत राहावं लागतं, उकळी जास्त झाली की फाटतो. नेमकं तेव्हाच वाफ यायची. एका हातात डाव आणि दुसऱ्या हातानं पदरानं तोंड पुसायचं, घामाचा थेंब पातेल्यात पडू नये म्हणून मान मागं करून उभं राहायचं, आणि बाहेर गिऱ्हाईक ओरडतंय की मावशी रस्सा आणा. रात्री तर विचारूच नका. डिसेंबरात फॅन फुल्ल लावायचा म्हणून नवरा हॉलमध्ये झोपायला गेला, मला मात्र रात्रभर तासा-दीड तासानं जाग, आणि सकाळी पाच वाजता मंडईला जायचं.

मला हॉर्मोन चालत नाहीत हे अगदी बरोबर सांगितलं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार त्याच्या पुढच्या वाक्याची आहे जे कधी आलंच नाही. "तुम्हाला हॉर्मोन देता येणार नाहीत" म्हणून झालं की लगेच बेल वाजायची आणि पुढची पेशंट आत.

शेवटी एका तपासणीला मोठे डॉक्टर परगावी होते, त्यांच्या हाताखालची एक तरुण डॉक्टर मुलगी बसली होती. तिनं आपणहून विचारलं, "काकू, वाफा येतात का? झोप लागते का?" इतके दिवसात हे कुणी विचारलं नव्हतं ओ. तिनं व्हेन्लाफॅक्सिन लिहून दिलं, ३७.५ मिलिग्रॅमपासून, नंतर ७५. सोबत सांगितलं की सुरुवातीला मळमळेल, तोंडाला कोरड पडेल, बीपी मधनंमधनं बघत राहा, आणि काही झालं तरी मनानं एकदम बंद करू नका. पाच मिनिटं लागली असतील तिला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फरक पडला. वाफा पूर्ण गेल्या नाहीत, तसं ती म्हणाली पण नव्हती, पण दिवसाच्या कमी झाल्या आणि रात्री सलग झोप लागायला लागली.

आता मला राग कशाचा आला ते ऐका. माझी मुलगी बी.फार्म करते, तिनं शोधून वाचून दाखवलं की ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांवर या औषधाचा अभ्यास लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात २००० साली छापून आलाय. दोन हजार साली! ७५ मिलिग्रॅम घेणाऱ्या बायकांचा त्रास चार आठवड्यात ६१ टक्क्यांनी कमी झाला आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचा २७ टक्क्यांनी. म्हणजे माझ्या मुलीच्या जन्माच्या आधीपासून हे माहीत आहे, आणि आपल्याकडं बाईला सांगतात मन रमवा.

त्या २७ टक्क्यांवर जरा थांबते, कारण पावडरीच्या डब्याचं सगळं गणित तिथं आहे. काहीच औषध नसलेल्या गोळीनं पण पाव त्रास कमी झाल्यासारखा वाटतो. म्हणून शेजारणी सांगतात ना की अमक्या डब्यानं माझं कमी आलं, त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटलेलं असतं. पण त्याच्या जिवावर डबा विकणाऱ्यांनी आणि त्याला आपल्या मांडवात टेबल टाकून देणाऱ्या डॉक्टरांनी तरी समजून घ्यायला पाहिजे. अमेरिकेतल्या मेनोपॉजच्या तज्ज्ञ संस्थेनं २०२३ मध्ये हॉर्मोनशिवायच्या उपायांची सगळी छाननी करून यादी काढलीय, त्यात सोयाबीनचे प्रकार, ब्लॅक कोहोश, इव्हनिंग प्रिमरोझच्या कॅप्सूल, बाकीची जडीबुटीची सप्लिमेंट्स, यातल्या कशाचीच वाफांसाठी शिफारस नाही. योगासनं, व्यायाम, दीर्घ श्वसन यांची पण वाफांवरचा इलाज म्हणून नाही. योगा करावा, मी पण करते, हाडांना, बीपीला, मनाला चांगलाच आहे, पण वाफेवरचं औषध म्हणून तो सांगू नका एवढंच. आणि त्या एका डब्याच्या पैशात माझ्या गोळ्या कितीतरी महिने येतात.

मग त्या यादीत चालतं काय, ते इथं लिहिते, कारण स्टेजवरनं कुणी सांगितलं नाही.

व्हेन्लाफॅक्सिन आणि त्याची भावंडं, म्हणजे डेस्व्हेन्लाफॅक्सिन, एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन. ही मूळची डिप्रेशनची औषधं, पण वाफांना कमी डोसमध्ये लागू पडतात. पॅरॉक्सेटिनचा ७.५ मिलिग्रॅमचा डोस तर अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्यानं, खास वाफांसाठी म्हणून २०१३ मध्ये मंजूर केला, हॉर्मोन नसलेलं ते पहिलं औषध. गॅबापेन्टिन, हे फिटचं आणि नसांच्या दुखण्याचं, ज्यांना रात्रीच जास्त त्रास होतो त्यांना झोपताना देतात, पण गुंगी आणि चक्कर येऊ शकते. ऑक्सिब्युटिनिन, ज्यांना सारखी लघवी लागते त्यांचं औषध, त्यानं पण वाफा कमी होतात, मात्र तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला जास्त काळ दिलं तर विसरभोळेपणाची काळजी असते. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानं फरक पडतो. सीबीटी नावाचं समुपदेशन आहे, त्यानं वाफा मोजून कमी होतात असं नाही पण त्यांचा जाच कमी होतो, झोप सुधारते. यातलं बरंचसं आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळतं, गॅबापेन्टिन, एस्सिटालोप्राम तर जनऔषधीत पण आहे.

आणि नवीन काय आलंय ते पण सांगते. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांच्या अंगातलं हॉर्मोन कमी होतं, मग मेंदूत जिथं अंगाचं तापमान सांभाळलं जातं तिथल्या काही पेशी बेफाम सुटतात, न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन जास्त होतं, आणि जरासं गरम झालं तरी मेंदूला वाटतं की शरीर पेटलंय, लगेच रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. ते रसायन जिथं जाऊन बसतं ती जागाच अडवणारं फेझोलिनेटंट नावाचं औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं, ४५ मिलिग्रॅम रोज एक. पण डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएनं त्याच्यावर लिव्हरबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, सुरू करायच्या आधी रक्त तपासायचं, पहिले तीन महिने दर महिन्याला, मग सहाव्या आणि नवव्या महिन्यात. दुसरं एलिन्झानेटंट, ते २०२५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालं, आणि त्याचा अभ्यास खास आमच्यासारख्या, कॅन्सरनंतर हॉर्मोन दाबायच्या गोळ्या चालू असलेल्या बायकांवर पण झालाय. मला काही उद्या तेच पाहिजे असा हट्ट नाही, नवीन औषध आहे, महाग असणार. पण आमच्या त्रासाला मेंदूतलं ठरावीक कारण आहे हे त्यानं सिद्ध झालंय ना, मग "मनाचे खेळ आहेत" हे वाक्य तरी आता बंद करा.

एक गैरसमज नको. मी हॉर्मोनच्या विरोधात लिहीत नाही. ज्या बाईला चालतात तिच्यासाठी वाफांवर सगळ्यात जास्त गुण देणारं औषध तेच आहे, आणि साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, दुसरी अडचण नसेल तर फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो असं तज्ज्ञ सांगतात. पण कॅन्सरवाल्या, पायात नाहीतर फुप्फुसात गुठळी होऊन गेलेल्या, हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेलेल्या, लिव्हर खराब असलेल्या, अशा आम्ही कमी आहोत का? आणि काही जणींना चालत असून घ्यायचे नसतात, त्यांचं पण ऐकायला नको का?

आता राहिलेल्या तक्रारी.

औषध लिहून देता पण ते कशासाठी हे सांगत नाही. मी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले तर पोरगा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मावशी, हे डिप्रेशनचं आहे, तुम्हाला काय टेन्शन आहे?" मला त्या डॉक्टर मुलीनं सांगितलं होतं म्हणून मी त्याला तिथल्या तिथं उत्तर दिलं. माझ्या जावेला कुणी सांगितलं नव्हतं. तिला पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली होती म्हणून हॉर्मोन नाहीत, तिच्या डॉक्टरांनी तीच व्हेन्लाफॅक्सिनची गोळी दिली, न बोलता. तिच्या पोरानं मोबाईलवर नाव टाकून बघितलं, घरात गोंधळ, सासूबाई म्हणाल्या आता वेड्याच्या गोळ्या खायच्या राहिल्या होत्या, आणि तिनं त्या दिवसापासून एकदम बंद केल्या. दोन दिवस तिला उभं राहता येईना, चक्कर, मळमळ, डोक्यात करंट मारल्यासारखं, आम्ही घाबरून रिक्षा करून पळवली. चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढं "गरम वाफांसाठी" आणि खाली "एकदम बंद करू नये" एवढं लिहिलं असतं तर यातलं काही झालं नसतं.

तुम्ही डॉक्टर लोक एकमेकांशी बोलत नाही. माझ्याबरोबर केमोला असायची ती इचलकरंजीची मैत्रीण, तिलाही टॅमोक्सिफेनच चालू. तिच्या घराजवळच्या डॉक्टरांनी झोप लागत नाही, घाबरल्यासारखं होतं म्हणून पॅरॉक्सेटिन दिलं. ते औषध वाईट नाही, पण टॅमोक्सिफेन पोटात गेल्यावर लिव्हरमधल्या ज्या एन्झाइममुळं कामाला येतं, तेच एन्झाइम पॅरॉक्सेटिन अडवून धरतं, म्हणजे कॅन्सरच्या गोळीचा जोर कमी व्हायची भीती. माझ्या मुलीनं तिच्या दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तेव्हा हे लक्षात आलं, मग तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी बदलून दिलं. हे काम कॉलेजात शिकणाऱ्या पोरीचं आहे का?

मग पिशवी काढलेल्या बायका. आपल्या भागातल्या कारखान्यांना ऊस तोडायला बीडकडनं टोळ्या येतात, त्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारनं समिती नेमली, नंतर सगळे विसरले. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय पण काढले की पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते, आणि वाफा जोरात येतात. पस्तिशीच्या बाईला. खरं तर इतक्या कमी वयात, दुसरी अडचण नसेल तर, तिला हॉर्मोन द्यायलाच पाहिजेत, हाडांसाठी आणि हार्टसाठी सुद्धा, पण ऑपरेशननंतर टाके काढले की तिचा आणि दवाखान्याचा संबंध संपतो. फक्त टोळ्यांतल्याच कशाला, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या बायकांना विचारा, काय काढलं आणि काय ठेवलं हे कितीजणींना माहीत आहे.

उलट बाजू पण आहे, प्रत्येक घाम पाळीचाच असतो असं धरून पण तुम्ही मोकळं होता. पन्नाशीची बाई रात्री घामाघूम होते म्हणली की "मेनोपॉज" आणि पुढं. थायरॉइड असेल, टीबी असेल, शुगरच्या गोळीनं साखर उतरत असेल. वजन उतरतंय का, ताप असतो का, खोकला आहे का, एवढं विचारायला किती वेळ लागतो?

वेळ नाही हे मला मान्य आहे. बाहेर किती बायका बसलेल्या असतात ते बघते मी. पण हा त्रास दोन महिन्याचा नसतो, अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात वाफांचा काळ सरासरी सात वर्षांच्या वर भरलाय. सात वर्षं सहन करा हे सांगायला लागणारा वेळ आणि दोन औषधांची नावं सांगायला लागणारा वेळ सारखाच आहे.

तर मागण्या अशा.

चाळिशीच्या पुढच्या आणि कॅन्सरचं औषध चालू असलेल्या प्रत्येक बाईला तुम्ही स्वतः विचारा, वाफा येतात का, झोप लागते का. आम्ही लाजतो, नवरा नाहीतर सून शेजारी बसलेली असते, आमच्या तोंडातून येणार नाही.

हॉर्मोन चालत नाहीत असं सांगितलं की त्याच बैठकीत दुसरं काय चालतं ते सांगा, नाहीतर ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडं चिठ्ठी द्या. औषध घ्यायचं की नाही ते आम्ही ठरवू.

चिठ्ठीवर कारण लिहा, मराठीत.

टॅमोक्सिफेन चालू असलेल्या बाईला मनाचं किंवा झोपेचं कुठलंही औषध लिहिताना कॅन्सरच्या डॉक्टरांना एक फोन करा, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी कुठली औषधं टाळायची ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

पिशवीचं ऑपरेशन करायच्या आधी अंडाशय काढणार का, का काढणार, नंतर काय होणार, हे बाईला समजेल असं सांगा आणि डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहा.

शिबिरात पावडरीचं टेबल नको. स्पॉन्सर पाहिजे तर भांड्यांच्या दुकानाचा घ्या, साड्यांच्या दुकानाचा घ्या, कोल्हापुरात दुकानांना काय तोटा आहे.

आणि ओपीडीच्या भिंतीवर एक पानी मराठी तक्ता लावा. औषधाचं नाव, किती गुण येतो, त्रास काय होऊ शकतो, कुणी घ्यायचं नाही, आपल्याकडं मिळतं का आणि केवढ्याला. पाळी गेल्यावर वर्षानं परत रक्त दिसलं तर लगेच दाखवा, हे पण त्याच्यावर मोठ्या अक्षरात.

१८ ऑक्टोबरला जागतिक मेनोपॉज दिवस असतो, तोपर्यंत तक्ता लागला तर बरं होईल. मजकूर तुम्हीच तपासून द्यायचा, सही तुमची. टायपिंग माझी मुलगी करून देईल आणि छपाईचा खर्च आमच्या भिशीतल्या बायका वाटून घेणार आहेत, तसं बोलणं झालंय.

आपली,
राजारामपुरीतली एक खानावळवाली